१९५१ मध्ये जपानपुढे तटस्थतेचा मार्ग खरोखर खुला होता का?

पायवाट

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जपानच्या युद्धोत्तर परराष्ट्र धोरणाला जेमतेम दीड पान मिळाले आहे, आणि जपान अमेरिकेच्या गोटात गेला, एवढे सांगून ते दीड पानही आटोपते. भारताच्या भूमिकेविषयी वाचताना मात्र मला असे आढळले की ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जपानशी शांतता तह झाला, त्या परिषदेला जाण्याचेच भारताने नाकारले होते. तहानंतरही अमेरिकी सैन्य जपानमध्ये राहणार आणि ओकिनावा व बोनिन बेटांचा कारभार अमेरिकेच्या हाती जाणार, या गोष्टी नेहरूंच्या सरकारला मान्य नव्हत्या. पुढे ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र तह केला.

त्याहून आश्चर्य वाटले ते याचे की खुद्द जपानमध्येही हीच भूमिका घेणारा मोठा वर्ग होता. टोकियो विद्यापीठाचे तेव्हाचे प्रमुख शिगेरू नानबारा, मासाओ मारुयामा यांच्यासारखे अभ्यासक आणि समाजवादी पक्ष यांची मागणी अशी होती की सोव्हिएत संघ आणि चीन यांच्यासह सर्व शत्रुराष्ट्रांशी एकत्रित तह व्हावा, परकीय तळ देशात राहू नयेत आणि जपानने तटस्थ राहावे. पंतप्रधान शिगेरू योशिदा यांनी मे १९५० मध्ये एक जुने चिनी वचन वापरून नानबारांना जाहीरपणे हिणवले. विद्या वाकवून जगाची मर्जी राखणारा पंडित, असा त्या वचनाचा अर्थ आहे.

माझा प्रश्न असा आहे की ही मागणी त्या काळात व्यवहार्य होती, की पराभूत आणि होरपळलेल्या समाजाची ती केवळ एक इच्छा होती? योशिदांपुढे खरोखर दोन वाटा होत्या का? आपल्याकडे अलिप्ततेचे धोरण शक्य झाले, मग जपानला ते का शक्य झाले नसावे, हेही जाणकारांनी सांगावे.

जुनी पाने

आधी एक भेद स्पष्ट करतो, कारण तो न केल्यास पुढची चर्चा घसरते. आपली अलिप्तता आणि जपानी समाजवाद्यांना अभिप्रेत असलेली तटस्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताने कोणत्याही गटात न जाण्याचे ठरवले तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे सैन्य होते आणि निर्णय घेणारे सरकार सार्वभौम होते. १९५१ मधील जपानमध्ये परकीय सैन्याचा अंमल चालू होता, परराष्ट्र व्यवहार त्या अंमलाखाली गोठलेले होते आणि ३ मे १९४७ पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा व युद्धसामग्रीचा त्याग केलेला होता. त्यामुळे योशिदांपुढची निवड तटस्थता की युती अशी नव्हती. तळ मान्य करून सार्वभौमत्व लगेच घ्यायचे, की सर्वांचे एकमत होईपर्यंत अमेरिकी अंमलाखालीच राहायचे, ही ती निवड होती. ज्यांना तळ नको होते त्यांच्या मार्गानेही तळ राहणारच होते. फक्त ते कराराने न राहता विजेत्याच्या हक्काने राहिले असते.

दुसरे असे की तटस्थता ही एकट्याने जाहीर करून भागत नाही. शेजाऱ्यांनी ती मानावी लागते. १४ फेब्रुवारी १९५० रोजी मॉस्को आणि पेकिंग (आजचे बीजिंग) यांच्यात जो मैत्री करार झाला, त्यात संभाव्य आक्रमक म्हणून जपानचा नावानिशी उल्लेख होता, आणि जपानशी हातमिळवणी करणाऱ्या इतर कोणत्याही देशाचाही. ज्या शेजाऱ्यांनी तुम्हाला आधीच शत्रूच्या रकान्यात लिहून ठेवले आहे, त्यांच्याकडून तटस्थतेची हमी कोणत्या आधारावर मागायची? चारच महिन्यांनी, २५ जून १९५० रोजी, कोरियात युद्ध पेटले. मार्च १९४९ मध्ये जपानने पॅसिफिकचा स्वित्झर्लंड व्हावे असे एका पत्रकाराला सांगणारे, जपानमधील अमेरिकी अंमलाचे प्रमुख जनरल मॅकार्थर यांनीच जुलै १९५० मध्ये ७५ हजार जणांचे राष्ट्रीय पोलीस राखीव दल उभारण्याचा आदेश दिला, आणि आजच्या स्वसंरक्षण दलाचे मूळ तेथेच आहे. सोळा महिन्यांत स्वित्झर्लंडचे स्वप्न विरले, आणि ते जपान्यांनी मोडले असे म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट स्मृतीची आहे, आणि भारतीय लेखनात तिचा उल्लेख क्वचितच येतो. जपानला तटस्थतेच्या कराराचा ताजा अनुभव होता. परराष्ट्रमंत्री योसुके मात्सुओका यांनी १३ एप्रिल १९४१ रोजी मॉस्कोत पाच वर्षांच्या तटस्थता करारावर सही केली होती. एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत संघाने तो पुढे चालू न ठेवण्याचे कळवले, पण पाच वर्षांची मुदत एप्रिल १९४६ पर्यंत होती. त्या उन्हाळ्यात जपानी सरकार मॉस्कोनेच मध्यस्थी करावी म्हणून विनवण्या करत होते, आणि त्याला उत्तर म्हणून ८ ऑगस्टला युद्धाची घोषणा मिळाली. सुमारे सहा लाख जपानी सैनिक सायबेरियाच्या छावण्यांत नेले गेले आणि त्यांतले कित्येक हजार परतलेच नाहीत. १९५१ मध्ये ज्या घरात असा एखादा मुलगा किंवा भाऊ अजून परतायचा होता, त्या घराला सोव्हिएत हमीवर विसंबून राहा असे सांगणे किती अवघड होते, याची कल्पना करावी.

याचा अर्थ योशिदांनी केलेला सौदा चांगला होता असा नाही. शांतता तहावर ४८ देशांनी जपानसोबत सह्या केल्या. त्याच दिवशी प्रेसिडिओ या लष्करी छावणीत संरक्षण करारावर सही झाली, तेव्हा जपानच्या बाजूने योशिदा एकटेच सही करणारे होते. आपल्या सहकाऱ्यांच्या नावाला हा डाग लागू नये असे त्यांना वाटत होते, यातच त्या कराराचे मोल त्यांना कळले होते हे दिसते. त्या करारानुसार अमेरिकेला तळ ठेवण्याचा हक्क मिळाला, पण जपानचे संरक्षण करण्याची स्पष्ट बांधिलकी त्यात नव्हती. कराराला मुदत नव्हती, आणि जपान सरकारच्या विनंतीवरून देशांतर्गत दंगे मोडण्यासाठीही अमेरिकी सैन्य वापरता येईल अशी तरतूद होती. सार्वभौम देशाने स्वखुशीने लिहून द्यावा असा हा मजकूर नाही.

पण योशिदांनी एक गोष्ट हट्टाने राखली. अमेरिकेच्या वतीने वाटाघाटी करणारे जॉन फॉस्टर डलेस यांना जपानचे मोठे भूदल हवे होते. तीन लाखांहून अधिक सैन्याचा आग्रह पुढे १९५३ पर्यंत चालू राहिला. योशिदांच्या पक्षाचे हायातो इकेदा वॉशिंग्टनला गेले आणि १ लाख ८० हजारांच्या आकड्यावर अडून बसले. नववे कलम, विधवांची आणि मातांची नाराजी, रिकामी तिजोरी आणि विरोधकांचे मोर्चे, जे हाताशी होते ते सर्व त्यांनी ढाल म्हणून पुढे केले. त्या ढालीचा निम्मा भाग तटस्थतावाद्यांनीच घडवला होता, हे योशिदांनी कधी मोकळेपणाने मान्य केले नाही.

वैजयंती

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यात जे घडले तेच अटळ होते असे मानण्याकडे कल दिसतो, आणि तेथे मी सहमत नाही.

सायबेरियाचा मुद्दा खरा आहे, पण अर्धा आहे. तटस्थता करारावरची शाई वाळते न वाळते तोच, १९४१ च्या उन्हाळ्यात, जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला करताच जपाननेही मांचुरियात प्रचंड सैन्य गोळा केले होते आणि संधीची वाट पाहिली होती. ते सैन्य चालून गेले नाही याचे कारण कराराची चाड हे नसून दक्षिणेकडे तेल होते, हे आहे. तेव्हा करार मोडण्याची इच्छा दोन्हीकडे होती. ती पुरी करण्याची वेळ एकालाच आली.

तटस्थतावाद्यांचा युक्तिवाद भाबडा होता असा समजही दूर व्हायला हवा. त्यांचे म्हणणे असे होते की अमेरिकी तळ हेच जपानवर हल्ला होण्याचे सर्वांत संभाव्य कारण आहे. जपानचे स्वतःचे कोणाशी भांडण नसताना कोरियात किंवा तैवानच्या सामुद्रधुनीत अमेरिकेचे युद्ध झाले, तर पहिले बॉम्ब जपानमधील धावपट्ट्यांवर पडतील. हा हिशेब त्या काळी चुकीचा नव्हता. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख पाचवी फुकुर्यु मारू या मासेमारी बोटीवरील २३ खलाशांवर पडली, आणि त्यातील रेडिओ चालकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. त्यानंतर अण्वस्त्रांविरुद्ध झालेल्या स्वाक्षरी मोहिमेत कोट्यवधी जपान्यांनी सह्या केल्या. आपल्या मित्राच्या चाचणीतही आपली माणसे मरतात, हे पाहिलेल्या समाजाला अण्वस्त्र छत्राचा धाक वाटणे स्वाभाविक होते.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये राज्यशास्त्रज्ञ योशिकाझु साकामोतो यांनी मांडलेली योजना तर चांगलीच तपशीलवार होती. तटस्थ देशांच्या तुकड्यांचे संयुक्त राष्ट्रांचे पोलीस दल जपानमध्ये ठेवावे, जपानचे स्वसंरक्षण दल बरेच लहान करून त्या दलाच्या आधिपत्याखाली आणावे, आणि मगच अमेरिकी सैन्याला निरोप द्यावा, असा तो प्रस्ताव होता. संयुक्त राष्ट्रांकडे असे दल होते का, हा प्रश्न रास्त आहे. पण सुएझच्या पेचानंतर असे दल नुकतेच उभे राहिले होते आणि त्यात भारताच्या तुकड्याही होत्या, हे लक्षात घेतले तर ही योजना हवेतली वाटणार नाही. वास्तववादी अभ्यासक मासाताका कोसाका यांनी जानेवारी १९६३ मध्ये तिच्यावर केलेली टीका प्रसिद्ध आहे. तथापि त्याच लेखात त्यांनी हेही मान्य केले की परराष्ट्र धोरण कोणत्या मूल्यासाठी चालवायचे हा प्रश्न आदर्शवाद्यांनीच जिवंत ठेवला. जपानी वादविवादात इतक्या सभ्यतेने झालेली झुंज पुढे फारशी दिसत नाही.

या मार्गाचे नुकसान खरे पाहता समाजवाद्यांनी स्वतःच केले. ऑक्टोबर १९५१ मध्ये हे दोन तह स्वीकारायचे की नाहीत यावर पक्ष दुभंगला, १९५५ मध्ये पुन्हा एक झाला, आणि १९६० च्या आरंभी सुएहिरो निशिओ यांनी वेगळी चूल मांडली. मार्च १९५९ मध्ये पेकिंगमध्ये पक्षाचे नेते इनेजिरो आसानुमा यांनी अमेरिकी साम्राज्यवाद हा जपान आणि चीन या दोघांचा समान शत्रू आहे असे जाहीर केले, तेव्हा सामान्य मतदाराने विचारले की ही तटस्थता कोणत्या जातीची? दोन बाजूंपैकी एकीला शत्रू ठरवून मधोमध उभे राहता येत नाही. स्वित्झर्लंडचा दाखला देताना आणखी एक गोष्ट ते सोयीस्करपणे विसरत, ती म्हणजे स्विस तटस्थता सशस्त्र आहे आणि तेथे पुरुषांना सक्तीने लष्करी शिक्षण घ्यावे लागते. जपानी समाजवाद्यांना तटस्थता हवी होती, पण निःशस्त्र. ऑस्ट्रियाने १९५५ मध्ये तटस्थता मिळवली, तीही स्वतःचे सैन्य उभारूनच.

एक विरोधाभास सांगण्याचा मोह आवरत नाही. जून १९४६ मध्ये नव्या घटनेची चर्चा चालू असताना साम्यवादी पक्षाचे सान्झो नोसाका यांनी संसदेत आग्रह धरला की आक्रमक युद्धाचा त्याग करावा, पण संरक्षणाचा हक्क सोडू नये. त्यावर योशिदांनी उत्तर दिले की आजवरची बहुतेक युद्धे स्वसंरक्षणाच्या नावानेच लढली गेली आहेत, त्यामुळे हा विचारच घातक आहे. चारपाच वर्षांत दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या.

जुनी पाने

वैजयंती यांचा मांचुरियाविषयीचा आक्षेप मान्य. ऑस्ट्रियाच्या दाखल्याविषयी मात्र थोडे लिहितो. ऑस्ट्रियावर चार सत्तांचा अंमल होता; सोव्हिएत सैन्य तेथे प्रत्यक्ष हजर होते आणि ते परत जाणार होते. त्यामुळे तेथील तटस्थता हा दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडून केलेला व्यवहार होता. जपानच्या मुख्य बेटांवर जवळजवळ एकट्या अमेरिकेचा अंमल होता. अमेरिकेने तेथून निघावे, तर त्याच्या बदल्यात मॉस्को काय सोडणार होता? युद्धाच्या अखेरीस जपानकडून घेतलेली कुरील बेटे तर नाहीच. सॅन फ्रान्सिस्कोत सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिको यांनी दुरुस्ती सुचवली होती की युद्धात लढलेल्या कोणत्याही देशाविरुद्धच्या लष्करी गटात जपानने सामील होऊ नये. कागदावर ती तटस्थतेची कलमे दिसतात, पण त्यांच्या बदल्यात देऊ केलेले काहीच नव्हते.

पायवाट

दोघांचेही आभार. यातून आणखी एक शंका निर्माण झाली. १९६० मध्ये झालेला नवा करार जुन्यापेक्षा जपानला अधिक अनुकूल होता असे सर्वत्र वाचायला मिळते. मग लाखो लोक १९५१ मध्ये न उतरता १९६० मध्ये रस्त्यावर का उतरले?

वैजयंती

याचे एक कारण कराराबाहेरचे आहे. १९ जानेवारी १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये सही झालेल्या करारात पाचव्या कलमाने संरक्षणाची बांधिलकी आली, अंतर्गत दंगलींची तरतूद गेली आणि दहा वर्षांची मुदत ठरली. कागद सुधारला होता यात शंका नाही. पण तो आणणारे पंतप्रधान नोबुसुके किशी हे युद्धकाळात तोजो यांच्या मंत्रिमंडळात होते आणि पराभवानंतर तीन वर्षे प्रमुख युद्धगुन्ह्यांचे संशयित म्हणून तुरुंगात होते. त्यांच्यावर खटला मात्र भरला गेला नाही. १९ मेच्या रात्री त्यांनी धरणे धरून बसलेल्या समाजवादी सदस्यांना पोलिसांकरवी उचलून बाहेर काढले आणि मध्यरात्रीनंतर करार संमत करून घेतला. त्या क्षणापासून आंदोलनाचा विषय परराष्ट्र धोरण न राहता लोकशाही हा झाला. १५ जून रोजी संसदेच्या आवारात झालेल्या झटापटीत टोकियो विद्यापीठाची विद्यार्थिनी मिचिको कान्बा मरण पावली, अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला, करार २३ जूनला अमलात आला आणि किशींना जावे लागले.

दुसरे कारण तटस्थतेच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. १ मे १९६० रोजी सोव्हिएत हद्दीत अमेरिकेचे यू-टू हे टेहळणी विमान पाडले गेले. त्याच जातीची विमाने टोकियोजवळच्या आत्सुगी तळावर होती, आणि सप्टेंबर १९५९ मध्ये एक काळे, निशाणी नसलेले विमान फुजिसावाच्या ग्लायडर मैदानावर अचानक उतरल्याने लोकांना ते ठाऊकही झाले होते. अशा उड्डाणांना जागा देणाऱ्या देशांना सोव्हिएत नेतृत्वाने उघड धमकी दिली. आपल्याला न विचारता आपल्या अंगणातून कोणीतरी शेजाऱ्याच्या घरात डोकावतो आणि काठी आपल्या डोक्यात बसणार, ही भीती त्या मे महिन्यात कोणत्याही व्याख्यानाशिवाय लोकांना कळली.

दक्षिणवारा

मी गेली अकरा वर्षे योकोहामात नोकरीनिमित्त राहतो. राज्यशास्त्राचा अभ्यासक नाही. मात्र वरच्या चर्चेत ओकिनावाचे नाव प्रश्नात एकदा आले आणि नंतर कोणीच घेतले नाही, म्हणून हा प्रतिसाद लिहीत आहे. जपानमध्येही नेमके असेच होते.

२८ एप्रिल १९५२ हा शांतता तह अमलात येण्याचा दिवस. मुख्य भूमीवर तो स्वातंत्र्य परत मिळाल्याचा दिवस मानला जातो. ओकिनावात त्याला अपमानाचा दिवस म्हणतात, कारण त्याच तहाने ती बेटे अमेरिकेच्या कारभाराखाली ठेवली आणि ती १५ मे १९७२ पर्यंत तशीच राहिली. २०१३ मध्ये टोकियो सरकारने या दिवशी सार्वभौमत्वाचा सोहळा केला, तेव्हा ओकिनावात त्याच दिवशी निषेधाची सभा भरली होती. भारताने १९५१ मध्ये घेतलेला आक्षेप तेथील काही वृद्धांना आजही आठवतो. मी भारतीय आहे हे कळल्यावर ओकिनावाचे मुख्य शहर नाहा येथील एका खाणावळीच्या मालकांनी माझ्याशी नेहरूंविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा संदर्भ न कळल्याने मी नुसता मान डोलावत बसलो, याची अजून लाज वाटते.

वर म्हटले गेले की तटस्थतावादी चळवळीने योशिदांना ढाल पुरवली. हे खरे आहे, पण त्या ढालीची किंमत कोणी दिली हेही पाहावे. टोकियोजवळच्या सुनागावा गावात धावपट्टी वाढवण्याविरुद्ध शेतकऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी दिलेला लढा गाजला. त्या खटल्यात ३० मार्च १९५९ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने अमेरिकी सैन्याची उपस्थितीच घटनाबाह्य ठरवली, आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून हा प्रश्न राजकीय असल्याचे सांगितले. अशा विरोधामुळे १९५७ मध्ये मुख्य भूमीवरून अमेरिकेच्या लढाऊ भूदलाने निघून जाण्याचे ठरले. गिफु आणि यामानाशी या प्रांतांत असलेले मरीन सैनिक त्याच काळात ओकिनावाला हलवले गेले, जेथे तळांसाठी जमिनी संगिनी आणि बुलडोझर लावून घेतल्या जात होत्या, आणि जेथे ना जपानची घटना लागू होती ना जपानी संसदेत प्रतिनिधी होता. मुख्य भूमीवरच्या माणसाला युती दिसेनाशी झाली. ओकिनावातील माणसाला तिच्याखेरीज दुसरे काही दिसेना. आज जपानच्या भूमीच्या सुमारे ०.६ टक्के असलेल्या या प्रांतात केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी असलेल्या तळांच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ७० टक्के आहे.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा येथे आले असताना त्यांना घेऊन ओकिनावाला गेलो होतो. कादेना येथे रस्त्याकडेच्या विश्रांतीस्थानाच्या गच्चीवरून हवाई तळ पाहता येतो. तेथे लोक दुर्बिणी आणि मोठे कॅमेरे घेऊन विमाने टिपायला येतात, आणि खाली जांभळ्या रताळ्याच्या मिठाईची दुकाने आहेत. लढाऊ विमान वर गेले तेव्हा बाबांनी कान झाकले. शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलींनी आपले बोलणे फक्त थांबवले आणि आवाज विरल्यावर ज्या शब्दावर थांबल्या होत्या तेथूनच पुढे सुरू केले. व्हिएतनाम युद्धात याच धावपट्टीवरून बी-५२ विमाने उडत होती. जपानने त्या युद्धात एकही सैनिक पाठवला नाही, हे मुख्य भूमीवर अभिमानाने सांगितले जाते, आणि ते खरेही आहे.

जुनी पाने

दक्षिणवारा यांच्या प्रतिसादानंतर माझ्या पहिल्या प्रतिसादात एक उणीव स्पष्ट दिसते. तळांसह सार्वभौमत्व लगेच मिळाले असे मी लिहिले. ते सर्व जपान्यांना मिळाले नव्हते. मुळात तहाच्या मसुद्यावर भारताने पाठवलेल्या आक्षेपात हीच गोष्ट होती, तेव्हा प्रश्नकर्त्याने ती सुरुवातीलाच सांगितलेली असतानाही माझ्याकडून ती सुटावी, हे जरा खजील करणारे आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात असा की तटस्थतेचा दावा हळूहळू दोन्ही बाजूंनी पोकळ होत गेला. १९७२ मध्ये चीनशी संबंध पूर्ववत झाले आणि त्यानंतर पेकिंगनेच या युतीला विरोध करणे सोडले, कारण त्यांना आता सोव्हिएत संघाची चिंता अधिक होती. समाजवाद्यांच्या पायाखालची सतरंजी अशी चीननेच ओढली. दुसरीकडे युतीत राहूनही जपान प्रसंगी वेगळे वागू शकतो हे नोव्हेंबर १९७३ मध्ये दिसले. तेलाची नाकेबंदी होताच टोकियोने अरबांच्या बाजूने निवेदन काढले आणि अमेरिकेची नाराजी पत्करली. शेवटी जून १९९४ मध्ये समाजवादी पक्षाचेच तोमिइची मुरायामा पंतप्रधान झाले आणि जुलैमध्ये त्यांनी संसदेत सांगितले की स्वसंरक्षण दल घटनेशी सुसंगत आहे आणि संरक्षण करार कायम राहील. चार दशके ज्या भूमिकेवर पक्ष उभा होता ती काही मिनिटांच्या भाषणात संपली, आणि मतदारांनी पुढच्या दोन निवडणुकांत पक्षही जवळजवळ संपवला. सत्तेसाठी तत्त्व सोडले असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते ते तत्त्व अंमलात आणण्याची तयारी त्या पक्षाने कधीच केली नव्हती, म्हणून सोडतानाही काही जड गेले नाही.

पायवाट

मग आज, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये संरक्षण खर्च २०२७ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास नेण्याचे ठरल्यानंतर, जपानमध्ये हा प्रश्न उरलाच नाही असे समजायचे का? स्वीडन आणि फिनलंड यांनीही तटस्थता सोडलीच आहे.

वैजयंती

तटस्थता या नावाने तो उरलेला नाही. कोणताही मोठा पक्ष आज ती मागत नाही. परंतु जुन्या वादाचा गाभा एका वेगळ्या कलमात शिल्लक आहे. १९६० च्या करारासोबत दोन्ही सरकारांनी पत्रांची देवाणघेवाण केली, आणि त्यात असे ठरले की जपानच्या संरक्षणाव्यतिरिक्त अन्यत्र लढण्यासाठी अमेरिकेला जपानमधील तळ थेट वापरायचे असतील, तर आधी जपानशी विचारविनिमय करावा लागेल. सहा दशकांहून अधिक काळ लोटला, व्हिएतनाम आणि आखाताची युद्धे झाली, पण हा विचारविनिमय औपचारिकरीत्या एकदाही झालेला नाही. विमाने जपानमधून नुसती हलवली आणि लढाईचा आदेश त्यांना वाटेत मिळाला, अशा शाब्दिक कसरतीने काम भागले. शिवाय कोरियात आणीबाणी उद्भवल्यास आधी न विचारण्याची मुभा देणारा गुप्त समझोता १९६० मध्येच झाला होता, हे जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या समितीने मार्च २०१० मध्ये मान्य केले.

तैवानच्या सामुद्रधुनीत उद्या काही घडले, तर कादेनावरून विमाने उडण्यापूर्वी टोकियोला विचारावे लागेल. होय म्हटल्यास ते तळ चीनच्या क्षेपणास्त्रांचे लक्ष्य ठरतील, आणि नाही म्हटल्यास युतीला अर्थ उरणार नाही. हे उत्तर द्यायला जपानी पंतप्रधानांकडे फार तर काही तास असतील.

दक्षिणवारा

आणि ते उत्तर नाहामध्ये कोणी विचारणार नाही. ओकिनावाच्या नैर्ऋत्येकडील योनागुनी बेटापासून तैवान सुमारे ११० किलोमीटरवर आहे. २०१६ पासून तेथे स्वसंरक्षण दलाची छावणी आहे. त्यापूर्वी २०१५ मध्ये गावात सार्वमत झाले आणि छावणीच्या बाजूने कौल गेला. तरुण बेट सोडून जात होते, शाळा ओस पडत होत्या, आणि सैनिक आपली कुटुंबे घेऊन येणार होते, हेही त्या कौलामागचे एक कारण होते. टोकियोतील लेखांत या मताची गणना युतीच्या बाजूने होते. बेटावर तो हिशेब पटसंख्येचाही होता.

जुनी पाने

योनागुनीचा हा तपशील मला ठाऊक नव्हता. त्या सार्वमतात परदेशी रहिवाशांनाही आणि शाळकरी वयाच्या मुलांनाही मतदानाचा हक्क होता असे वाचल्याचे स्मरते. दक्षिणवारा यांनी ते तपासून कळवल्यास बरे होईल.